मधूनच आत वळणारा डोळा: एच५०.३१ चा क्लेम पुन्हा पुन्हा परत येतो तेव्हा

डोळ्यांच्या दवाखान्यांचे अमेरिकन क्लेम, म्हणजे विमा कंपनीकडे पाठवलेली बिलं, हाताळणाऱ्यांना हा प्रकार ओळखीचा असेल. मूल लहान असतं. डोळा मधूनच नाकाकडे वळतो अशी आईवडिलांची तक्रार असते. डॉक्टरांनी तपासलेलं असतं, निदान लिहिलेलं असतं, त्या निदानाचा ठरलेला संकेतांक, म्हणजे कोडही लागलेला असतो. तरी क्लेम परत येतो. एखादा आकडा बदलून पाठवला की तो पास होतो आणि विषय मिटल्यासारखा वाटतो. पुढच्या फॉलोअपला त्याच मुलाचा क्लेम त्याच कारणानं पुन्हा टेबलावर येतो.

माझं म्हणणं आधीच सांगते. हा क्लेम दुरुस्त करत बसण्यात अर्थ नाही, चार्ट, म्हणजे मुलाच्या तपासणीच्या नोंदी, दुरुस्त करून घ्यायला हवा. मधूनच आत वळणाऱ्या डोळ्याचा, म्हणजे इंटरमिटंट इसोट्रोपियाचा, कोड निवडायला दोन गोष्टी कळाव्या लागतात: डोळा कायम वळलेला असतो की मधूनच वळतो, आणि वळतो तो एकच ठरलेला डोळा की आलटून पालटून दोन्ही. बहुतेक चार्टमध्ये या दोन्ही गोष्टी असतात, पण निदानाच्या ओळीत नसतात. एक तपासणीच्या तक्त्यात, दुसरी ऑर्थोप्टिस्टच्या, म्हणजे तिरळेपणा मोजणाऱ्या तंत्रज्ञाच्या, शेऱ्यात. कोड लावणारा कोडर निदानाची ओळ वाचतो, तिथे जे नाही ते अंदाजानं भरतो, आणि पुढचं सगळं रामायण तिथून सुरू होतं.

परत आलेला कागद काय म्हणतो

कोडला हात लावण्याआधी डिनायलचा, म्हणजे क्लेम नाकारण्याच्या कारणाचा, क्रमांक बघा. १६ असेल तर माहिती अपुरी किंवा चुकीची आहे. १४६ असेल तर त्या तारखेला तो निदान कोड वैध नव्हता. या विषयात याचं नेहमीचं कारण म्हणजे कोड अर्धवट राहिलेला असतो, एच५०.३१ वरच थांबलेला. ११ म्हणजे निदान आणि प्रोसीजर जुळत नाहीत. ५० म्हणजे पेअरला, पैसे देणाऱ्या विमा कंपनीला, वैद्यकीय गरज पटलेली नाही.

११ आणि ५० आले की लोक लगेच निदान बदलायला धावतात. थांबा आणि आधी पॉइंटर, म्हणजे प्रोसीजरला निदान जोडणारा दुवा, बघा. सीएमएस-१५०० या क्लेमच्या फॉर्मवर बारा निदानांना जागा आहे आणि प्रत्येक प्रोसीजरच्या ओळीला २४ई या रकान्यात त्यातलं निदान जोडावं लागतं. ९२०६० म्हणजे सेन्सरीमोटर तपासणी. त्या ओळीला चुकून प्लस नंबरचं निदान, एच५२.०३, जोडलं गेलं असेल आणि तिरळेपणाचा कोड खाली नुसता पडून असेल, तर क्लेम परत येणारच. निदान बरोबर असतं, चुकलेला असतो तो फक्त दुवा. ही तपासणी दोन मिनिटांची आहे आणि बरेच क्लेम इथेच सुटतात.

कोडची घडण

एच५०.० हा कायमच्या इसोट्रोपियाचा गट आहे. मधूनच होणारी हेटरोट्रोपिया (तिरळेपणा), आत वळणारी असो की बाहेर, एच५०.३ मध्ये येते. त्यात आपल्या कामाचे कोड मोजकेच आहेत. उजवा डोळा मधूनच आत वळत असेल तर एच५०.३११, डावा असेल तर एच५०.३१२. आलटून पालटून दोन्ही वळत असतील तर एच५०.३२. काहीच तपशील नसेल तर एच५०.३०. बाहेर वळणाऱ्या डोळ्यासाठी एच५०.३३१, एच५०.३३२ आणि एच५०.३४ आहेत. पिकलिस्टमध्ये ते अगदी शेजारी असतात, तेव्हा क्लिक करताना नजर नीट ठेवा.

एच५०.३१ खाली ‘दोन्ही डोळे’ नाही आणि ‘कोणता डोळा ते माहीत नाही’ हेही नाही. इतर डोळ्यांच्या कोडची सवय असलेला माणूस शेवटी ३ किंवा ९ लावून बघतो. इथे ते कोड अस्तित्वातच नाहीत.

इंटरनेटवर शोधलं तर कित्येक ठिकाणी नुसता एच५०.३ पूर्ण कोड म्हणून दिसतो. तो जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० मधला आहे. तिथे तो चार अक्षरांवरच संपतो आणि तिथे ते बरोबरच आहे. अमेरिकेच्या आयसीडी-१०-सीएम मध्ये मात्र एच५०.३ आणि एच५०.३१ ही फक्त शीर्षकं आहेत, ती क्लेमवर चालत नाहीत. दरवर्षी १ ऑक्टोबरला नवी आवृत्ती लागू होते, म्हणून त्या वर्षाचं टॅब्युलर, म्हणजे कोडची क्रमवार यादी, उघडून बघण्याची सवय ठेवा. २०२३ च्या ऑक्टोबरात एच५०.६ खाली स्नायू अडकण्याचे नवे कोड आले, तेव्हा इथे काही बदललं नव्हतं. पण ते बघितल्यावरच कळतं.

कायम की मधूनच: कंस कुठे हरवतो

आता मूळ दुखण्याकडे वळू. डॉक्टरांच्या असेसमेंटमध्ये, म्हणजे निदानाच्या ओळीत, नुसतं ‘इसोट्रोपिया’ लिहिलेलं असतं. इंडेक्स, म्हणजे निदानांच्या नावांची सूची, त्यावरून स्ट्राबिस्मसकडे (तिरळेपणाकडे) नेतो आणि अधिक तपशील नसला की एच५०.०० हाती येतो. कोडर नियमाप्रमाणेच चाललेला असतो. पण मूल मात्र इंटरमिटंटचं असतं.

तपासणीच्या तक्त्यात ते दिसतं, फक्त ती लिपी वाचता आली पाहिजे. नुसता ‘ई’ म्हणजे इसोफोरिया: डोळा झाकला तरच वळतो, उघड्यावर दोन्ही डोळे सरळ. ‘ईटी’ म्हणजे इसोट्रोपिया, डोळा उघड्यावरही वळलेला. आणि ‘ई(टी)’ म्हणजे इंटरमिटंट. टी भोवतीचा तो कंस हेच ‘मधूनच’ आहे. अक्षराच्या डोक्यावर छोटी तिरकी रेघ असेल तर ते मोजमाप जवळच्या नजरेचं, नसेल तर दूरचं. ‘सीसी’ म्हणजे चष्मा लावून, ‘एससी’ म्हणजे चष्म्याशिवाय.

एक ओळ घेऊन बघू: ‘ई ६ सीसी, आरई(टी)' १८ सीसी’. चष्मा लावून दूर बघताना सहा प्रिझम डायॉप्टरचा (हे वळण मोजायचं एकक) इसोफोरिया. चष्मा लावूनच जवळ बघताना उजवा डोळा मधूनच अठरा प्रिझम डायॉप्टर आत वळतो. एवढ्याशा ओळीत कोडला लागणारं सगळं आहे: दिशा, इंटरमिटंट असणं, कोणता डोळा. आता हीच ओळ टाइप करताना किंवा व्हॉइस टायपिंगमध्ये कंस गळला, तर ‘आरईटी’ होतं आणि मूल एका फटक्यात कायमच्या तिरळेपणाच्या गटात जातं. स्कॅन केलेल्या हस्ताक्षरात तर कंस आणि नुसती वळणदार रेघ यांत फरक करणं अवघड जातं. अशा वेळी मागच्या भेटीची ओळ शेजारी ठेवून बघा. मागे ‘ई(टी)’ आणि आज ‘ईटी’ असेल तर दोन शक्यता आहेत. मुलाची नजर खरंच बिघडली, किंवा कंस गळला. पहिली शक्यता डॉक्टरांच्या दृष्टीनं मोठी बातमी असते आणि नोटमध्ये तिच्याबद्दल काहीतरी लिहिलेलं असतंच. काहीच लिहिलेलं नसेल तर विचारा.

या तक्त्यावरून थेट कोड लावायचा नाही, हेही लगेच सांगायला हवं. मोजमाप म्हणजे निदान नव्हे. कोड लागतो तो प्रोव्हायडरनं, म्हणजे उपचार करणाऱ्या डॉक्टरनं, लिहिलेल्या निदानावर. तक्ता आपल्याला एवढंच सांगतो की निदानाची ओळ अपुरी आहे आणि काय विचारायचं.

क्लेममध्ये दोन्ही गटांचे कोड एकत्र गेले तर काय होतं, तेही बघा. एच५०.० खाली एक्सक्लूड्स वन ची नोंद आहे, तिच्यात एच५०.३१ आणि एच५०.३२ यांची नावंच दिलेली आहेत. म्हणजे कायमचा इसोट्रोपिया आणि इंटरमिटंट इसोट्रोपिया एकाच भेटीत एकत्र लावता येत नाहीत. प्रॉब्लेम लिस्टमध्ये, म्हणजे रुग्णाच्या आजारांच्या यादीत, जुना एच५०.०० पडून असतो, आजचा एच५०.३११ नव्यानं जोडला जातो, आणि सिस्टिम दोन्ही उचलून क्लेमवर टाकते. जुनी नोंद बंद केल्याशिवाय हे थांबत नाही.

खरी अडचण येते ती दूरला ‘ई(टी)’ आणि जवळ ‘ईटी'’ असं मिश्र लिहिलेलं असतं तेव्हा. लांब बघताना मुलाला डोळे सांभाळता येतात, जवळ बघताना येत नाहीत. याला इंटरमिटंट म्हणायचं की कायम? हा निर्णय कोडरनं घ्यायचाच नाही. डॉक्टरांना विचारायचं, उत्तर नोटमध्ये लिहून घ्यायचं आणि त्याप्रमाणे जायचं.

चष्मा काढला की वळतो, म्हणून इंटरमिटंट?

इथे चांगले अनुभवी लोकही फसतात, म्हणून जरा थांबून सांगते.

प्लस नंबर असलेल्या मुलाला स्पष्ट दिसण्यासाठी डोळ्यातलं भिंग जास्त ताणावं लागतं. भिंग जवळच्या वस्तूवर रोखलं जातं तेव्हा दोन्ही डोळे आपोआप आतही वळतात, ही निसर्गाचीच जोडणी आहे. नंबर मोठा असेल तर हे आत वळणं प्रमाणाबाहेर जातं आणि डोळा तिरळा होतो. याला अकोमोडेटिव्ह इसोट्रोपिया म्हणतात. सुरुवात साधारणपणे दोन-तीन वर्षांच्या वयात होते आणि सुरुवातीला तो बऱ्याचदा मधूनच दिसतो: मूल दमलं की, आजारी असलं की, जवळचं काही निरखून बघायला लागलं की. पूर्ण नंबरचा चष्मा दिला की काही मुलांचे डोळे सरळ होतात.

आता नोटमध्ये लिहिलेलं असतं: चष्म्याशिवाय ईटी ३०, चष्म्यानं सरळ. कोडर म्हणतो, कधी वळतो, कधी नाही, म्हणजे इंटरमिटंट. तसं नाही. चष्म्याशिवाय हा डोळा वळलेलाच असतो, चष्म्यानं तो सरळ राहतो, यात ‘मधूनच’ काही नाही. इंटरमिटंट म्हणजे परिस्थिती तीच असताना मेंदू कधी दोन्ही डोळे जुळवून ठेवू शकतो आणि कधी ती पकड सुटते. चष्म्याचा हा प्रकार डॉक्टरांनी अकोमोडेटिव्ह म्हणून लिहिला असेल तर एच५०.४३ कडे जातो, आणि नंबरचा कोड वेगळा.

उलट प्रकारही असतो. चष्मा लावूनसुद्धा जवळ बघताना डोळा मधूनच वळतो, वरच्या उदाहरणातल्यासारखा. तिथे इंटरमिटंटचा कोड योग्य ठरतो. डॉक्टरांनी त्याच ओळीत अकोमोडेटिव्ह भागही नोंदवला असेल तर दोन्ही कोड एकत्र लावण्याआधी त्या वर्षाच्या टॅब्युलरमधल्या नोंदी वाचा आणि पेअरचे नियम बघा. नोट गप्प असेल तर एच५०.४३ आपल्या मनानं जोडू नका. मुलाला प्लस नंबर आहे आणि डोळा आत जातो, एवढ्यावरून तो भाग सिद्ध होत नाही.

कोणता डोळा

मोनॉक्युलर म्हणजे वळतो तो नेहमी एकच डोळा, दुसरा समोर बघतो. आल्टरनेटिंग म्हणजे कधी हा वळतो, कधी तो. मुलाचे दोन्ही डोळे एकाच वेळी नाकाकडे गेले असा त्याचा अर्थ नव्हे.

यात तीन सापळे आहेत. पहिला आल्टरनेट कव्हर टेस्टचा. डोळे आळीपाळीनं झाकून मोजमाप घ्यायच्या पद्धतीचं ते नाव आहे आणि तिरळेपणाच्या जवळपास प्रत्येक तपासणीत ती होते. नोटमध्ये ‘आल्टरनेट कव्हर’ दिसलं म्हणून एच५०.३२ लावलेले क्लेम मी ऑडिटमध्ये बघितले आहेत. तपासणी आळीपाळीची होती, तिरळेपणा नव्हता.

दुसरा सापळा गाइडलाइनच्या आधारानं येतो, म्हणून तो जास्त पटतो. दोन्ही बाजूंना आजार असेल आणि दोन्ही बाजूंचा एक कोड नसेल, तर उजवा आणि डावा असे दोन वेगळे कोड लावा, असा सर्वसाधारण नियम आहे. तो वाचून लोक एच५०.३११ आणि एच५०.३१२ एकत्र लावतात. पण मोनॉक्युलर या शब्दाचा अर्थच ‘एकच डोळा’ असा आहे. दोन्ही डोळे वळत असतील तर त्यासाठी एच५०.३२ हा वेगळा कोड आहेच.

तिसरा सापळा शस्त्रक्रियेच्या क्लेमवर असतो. निदान उजव्या डोळ्याचं, एच५०.३११, आणि शस्त्रक्रिया दोन्ही डोळ्यांच्या आतल्या स्नायूंवर, म्हणजे ६७३११ या शस्त्रक्रियेच्या कोडला ५० मॉडिफायर (दोन्ही बाजूंची खूण). पेअरची सिस्टिम अडवते: निदान एका बाजूचं, शस्त्रक्रिया दोन्ही बाजूंची. मग निदान बदलून आल्टरनेटिंग करण्याचा मोह होतो. करू नका. तिरळेपणा हा दोन डोळ्यांमधल्या कोनाचा प्रश्न आहे, आणि तो कोन दोन्ही डोळ्यांत वाटून दुरुस्त करणं ही रोजची शस्त्रक्रिया आहे. इथे ऑपरेशन नोट जोडून अपील करायचं, निदानाला हात लावायचा नाही.

बाजू कुठून घ्यायची याबद्दल एक सोय आहे, तिचा वापर कमी होतो. २०२१ च्या ऑक्टोबरपासून लागू झालेल्या गाइडलाइनप्रमाणे प्रोव्हायडरनं बाजू लिहिली नसेल तर चार्टमधल्या इतर क्लिनिशियनच्या नोंदीवरून ती घेता येते. नोंदी एकमेकींशी भांडत असतील तर मात्र प्रोव्हायडरलाच विचारायचं. म्हणजे डॉक्टरांनी ‘इंटरमिटंट मोनॉक्युलर इसोट्रोपिया’ लिहिलं आणि ऑर्थोप्टिस्टच्या नोंदीत उजवा डोळा स्पष्ट असला, तर एच५०.३११ लावता येतो. ही सवलत बाजूपुरती आहे. मोनॉक्युलर की आल्टरनेटिंग, कायम की इंटरमिटंट, हे निदानाचे भाग आहेत. ते दुसऱ्याच्या नोंदीवरून उचलायचे नाहीत.

आणि एक पडताळा जरूर करा. त्याच चार्टमध्ये तिरळेपणामुळे आलेली मंददृष्टी, म्हणजे एच५३.०३ गटातला कोड असेल, तर बाजू जुळवा. जो डोळा नेहमी वळतो त्याचीच नजर मंदावते. उजवा डोळा वळतो आणि मंददृष्टी डाव्याला, असं दिसलं तर दोनपैकी एक बाजू बहुधा उलटी पडलेली आहे. ही चूक पैशापुरती राहत नाही. पट्टी कोणत्या डोळ्यावर बांधायची, हे पुढे कोणीतरी याच चार्टमध्ये वाचणार असतं.

थोडक्यात उरकण्यासारखे घोटाळे

‘संशयित’, ‘शक्यता’, ‘रूल आउट’ असं लिहिलेलं असेल तर बाह्यरुग्ण भेटीत इसोट्रोपियाचा कोड लागत नाही. त्या भेटीत जेवढं नक्की झालं आहे तेवढंच कोड करायचं. पण तपासताना डोळे सरळ होते आणि तरीही आईवडिलांच्या वर्णनावरून डॉक्टरांनी निदान ठामपणे ‘इंटरमिटंट इसोट्रोपिया’ लिहिलं असेल, तर कोड लागतो. आजार आहे की नाही हे डॉक्टर ठरवतात.

नाकाचा पूल रुंद आणि पापणीच्या आतल्या कोपऱ्यावर त्वचेची घडी असलेली बाळं तिरळी भासतात, पण नसतात. डॉक्टरांनी ‘स्यूडो’ लिहिलं असेल तर एच५० मध्ये जाऊच नका. इसोफोरियाचा कोड एच५०.५१ आहे, तो इंटरमिटंटला सौम्य पर्याय म्हणून वापरायचा नाही. कन्व्हर्जन्स एक्सेस, एच५१.१२, हे वेगळं निदान आहे, जवळ बघताना डोळा जास्त वळतो म्हणून ते आपोआप लागत नाही. सहाव्या मज्जातंतूच्या पक्षाघातानं डोळा आत गेला असेल तर तो एच४९.२ गट. अचानक आत वळलेला डोळा आणि दुहेरी दिसणं अशी नोट असेल तर असेसमेंट शेवटपर्यंत वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

सायक्लिक इसोट्रोपिया हा दुर्मीळ प्रकार आहे. डोळा एक दिवस वळलेला, एक दिवस सरळ, असं चक्र बहुधा अठ्ठेचाळीस तासांचं असतं. नाव बघून सिस्टिम सायक्लोट्रोपिया सुचवते, एच५०.४१. तो डोळा स्वतःभोवती पिळल्यासारखा फिरण्याचा आजार आहे. दोघांचा संबंध नाही. इथे सरळ डॉक्टरांना विचारा.

क्वेरी कशी लिहायची

क्वेरी म्हणजे डॉक्टरांना लिहून विचारलेला प्रश्न. ‘कृपया इंटरमिटंट असं लिहून द्या’ ही क्वेरी नव्हे, ते उत्तर पढवणं झालं, आणि ऑडिटमध्ये तेच अंगाशी येतं. क्वेरीत चार्टमधली वस्तुस्थिती ठेवायची आणि पर्याय मोकळे सोडायचे. मी साधारण असं लिहिते:

‘आजच्या असेसमेंटमध्ये इसोट्रोपिया अशी नोंद आहे. तपासणीत दूरसाठी ई ६ सीसी आणि जवळसाठी आरई(टी)' १८ सीसी असं मोजमाप आहे. आपल्या वैद्यकीय मतानुसार या रुग्णाचं निदान अधिक स्पष्ट करता येईल का? कायम, इंटरमिटंट, अन्य, किंवा ठरवता येत नाही. तसंच मोनॉक्युलर उजवा, मोनॉक्युलर डावा, आल्टरनेटिंग, किंवा ठरवता येत नाही.’

पैशाचा, डिनायलचा, कोणता कोड पास होतो याचा उल्लेख त्यात नाही. तो कधीच करू नका. शस्त्रक्रियेच्या मंजुरीसाठी ‘कायम’ असेल तर बरं, असं सुचवणारा फोन कोणाकडून आला तरी क्वेरीची भाषा तीच राहिली पाहिजे. इंटरमिटंट मुलालाही शस्त्रक्रियेची खरी गरज असू शकते. ती गरज नोटमधून दिसली पाहिजे: दिवसातून किती वेळ डोळा वळतो, पकड सुटल्यावर किती वेळानं परत येते, स्टिरिओ (दोन्ही डोळ्यांनी खोली जाणण्याच्या) चाचणीत काय निघालं, चष्म्यानं किती फरक पडला. ही माहिती लिहून घेतली की ५० क्रमांकाच्या डिनायलला उत्तर देता येतं. कोड फुगवून आणलेली मंजुरी त्या मुलाच्या नोंदीत खोटं निदान कायमचं ठेवून जाते, आणि ते मूल मोठं झाल्यावरही ते तिथेच असतं.

पुन्हा पुन्हा का येतं आणि कसं बंद करायचं

क्लेम दुरुस्त होतो, पण जिथून कोड निघतो ती जागा तशीच राहते. मला या जागा सापडल्या आहेत.

डॉक्टरांची फेवरिट्स, म्हणजे नेहमी लागणाऱ्या निदानांची, यादी ही पहिली. त्यात ‘इसोट्रोपिया’ या एका बटणामागे एच५०.०० बसवलेला असतो. डॉक्टर घाईत तेच दाबतात, कारण ते सगळ्यात वर आहे. काही याद्या २०१५ च्या आधीच्या आहेत. १ ऑक्टोबर २०१५ ला आयसीडी-९ ही कोडची जुनी पद्धत गेली. त्यातल्या ३७८.२१ मध्ये मोनॉक्युलर होतं, पण उजवा-डावा नव्हताच. यादी बदलताना कोणीतरी एक बाजू निवडली आणि तेव्हापासून ती आपोआप लागते आहे. तुमच्या एखाद्या दवाखान्यातून एच५०.३१२ जवळजवळ येतच नसेल आणि सगळी मुलं उजव्या डोळ्याची असतील, तर ही यादी उघडून बघा.

दुसरी जागा प्रॉब्लेम लिस्ट आणि मागची नोट पुढे ओढण्याची सोय. सहा महिन्यांपूर्वीचं निदान आजच्या भेटीत जसंच्या तसं येतं. दरम्यान मुलाला चष्मा लागलेला असतो, शस्त्रक्रियाही झालेली असते, आणि कायमचा इसोट्रोपिया आता इंटरमिटंट झालेला असतो. कोड आजच्या स्थितीचा लागतो.

तिसरी जागा म्हणजे नोटचा साचा. माझ्या मते सगळ्यात जास्त फायदा इथे होतो. असेसमेंटच्या ओळीत इसोट्रोपिया निवडलं की कायम की इंटरमिटंट आणि कोणता डोळा, हे दोन रकाने भरल्याशिवाय नोट बंद होऊ नये, एवढंच करून घ्या. आधीपासून काहीही टिक केलेलं ठेवू नका. नाहीतर फेवरिट्सचाच दोष साच्यात येतो. आणि मोजमापाच्या रकान्यात कंस ठेवायचा तर तो टाइप करायला लावू नका, ‘ई’, ‘ई(टी)’, ‘ईटी’ असे तयार पर्याय द्या. आमच्या एका क्लायंटकडे डॉक्टरांना हे पटवायला वेळ लागला. कव्हर टेस्टची तीच माहिती दोनदा का भरायची, असं त्यांना वाटत होतं, आणि ते स्वाभाविकही आहे. त्यांच्याच क्वेरींचा ढीग समोर ठेवला तेव्हा ते तयार झाले.

साचा बदलल्यावर जुन्या मुलांचं काय? एच५०.०० आणि एच५०.३० लागलेले रुग्ण रिपोर्टमधून काढा आणि त्यांच्या पुढच्या अपॉइंटमेंटच्या तारखेनं लावा. ज्याची भेट जवळ आहे त्याच्या चार्टवर भेटीआधीच खूण करून ठेवा, म्हणजे डॉक्टर मुलाला समोर बघत असतानाच निदान स्पष्ट करतील. महिन्यांनंतर आठवणीतून दिलेल्या उत्तरापेक्षा ते कधीही पक्कं. आधीच परत आलेल्या क्लेमसाठी नोटमध्ये रीतसर दुरुस्ती झाल्यावरच बदललेला क्लेम पाठवा. पेअर स्वीकारत असेल तर रकाना २२ मध्ये ७ आणि मूळ क्लेमचा क्रमांक टाकून. मूळ क्रमांक टाकायचा राहिला तर तो डुप्लिकेट म्हणून परत येतो आणि मुदत मात्र चालूच राहते.